बॉडी माझी, लेन्स साळव्यांच्या

रवि. ४ फेब्रु. ९६, राहाता
कॅमेऱ्याने आज देह ठेवला. कालव्यावर उसाची बैलगाडी समोर, साळवे म्हणाले "बावीस फूट", मी लेन्सची फोकसची रिंग बावीसवर नेली, बटण दाबलं. आतला आरसा वर गेला तो वरच. चौदा वर्षं.
साळवे : "शास्त्रीबुवा, समाधी लागली जनू."
गाडीवान मात्र फोटो निघाला म्हणून खूष. त्याला सांगितलं नाही.
घरी सौ.ला सांगितलं. "म्हणजे आता रविवारी तुम्ही घरी?" आवाजात आनंद नव्हता.

मंगळ. ६
वार्ताहर म्हणून बातमी द्यायला नगरला. (सत्कार. तेच अध्यक्ष, बहुधा हारही तोच.) तिथून कॅमेऱ्याच्या दुकानात. शेठ म्हणे शटर संपलं, दुरुस्तीत अर्थ नाही. दोन बॉड्या पुढे ठेवल्या. एक जुनी, वापरलेली, आपल्याच माउंटची, म्हणजे साळव्यांच्या लेन्स बसतील अशी. दुसरी नवी, फोकस स्वतः करणारी. डोळा लावला, कुर्र झालं, हिरवा दिवा. मला काही ठरवावंच लागलं नाही.
फाइंडरमध्ये काय स्वच्छ नि काय धूसर, हे पाच वर्षं मला कळत नाही. शेठला बोललो नाही. इथेही पहिल्यांदाच लिहितोय.
पण नवीला साळव्यांच्या लेन्स बसत नाहीत. चौदा वर्षांपूर्वी नगरचा एक स्टुडिओ मोडला, तेव्हा त्यातली बॉडी मी घेतली, तिन्ही लेन्स त्यांनी. सगळं एकाला झेपणारं नव्हतं. तेव्हापासून एक फ्रेम त्यांची, एक माझी. एकट्याने काढलेला फोटो दोघांच्याही घरात नाही.

गुरु. ८
साळव्यांकडे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं टेप धरली. आता नुसत्या नजरेने अंतर सांगतात, स्वतःच्या फ्रेमलाही तेच लावतात. दोन्ही बॉड्यांची हकीकत ऐकून म्हणाले, "नवी घ्या. माज्या लेन्सांचं काय, काचाच त्या."
म्हटलं, जुन्यात मजा आहे.
"मजा हाय, पर तुमाला दिसत न्हाई."
मी लेन्सचं झाकण काढत-लावत राहिलो.
"पाच वर्सं फूट सांगतोय मी. तुमाला दिसतंय म्हून सांगतो व्हय?"
वहिनी चहा घेऊन आल्या म्हणून वाचलो.
तर्कशास्त्र शिकताना पाठ केलं होतं : प्रत्यक्ष, अनुमान, आप्तवाक्य म्हणजे भरवशाच्या माणसाचा शब्द. माझं प्रत्यक्ष कधीच गेलं. सगळं आप्तवाक्यावर चाललंय, आणि आप्ताने पाच वर्षांत एकदाही जाणवू दिलं नाही.
जुनीच घ्यायची.

रवि. ११
शेठने जुनी बॉडी वापरून बघायला दिलीय. साळव्यांची मोठी लेन्स लावली. कालव्याच्या मोरीचं दार उघडायचं चाक, त्यावर बगळा. साळवे : "तीस." बगळा अध्यक्षांसारखा निश्चल. रोल संपवला.

शुक्र. १६
प्रिंट आले. सगळे धूसर, माझ्याच नव्हे, साळव्यांच्याही फ्रेमा. म्हणजे नीट पाहिलं तर, बगळा धुकं आणि मागची बाभळ काट्यासकट लख्ख. प्रत्येकात तीच तऱ्हा. शेठने बॉडी उघडून, फिल्मच्या जागी दुधी काच लावून फोकस तपासला. दोष नाही.
घरी जुनी पाकिटं काढली. दिवाळीपर्यंतचे फोटो बिनचूक.

शनि. १७
सकाळी एकटाच टेप घेऊन मोरीवर. उभे होतो तिथून चाकापर्यंत चोवीस फूट. पुन्हा मोजलं. चोवीसच. साळवे तीस म्हणाले होते.
शेजारच्या रानातले आजोबा धावत आले. "मोजनी आली का काय? कुनाची जमीन जातीय?" म्हटलं, नाही हो, बगळा कुठे होता ते पाहतोय. मला वेडा ठरवून निश्चिंतपणे परत गेले.
संध्याकाळी चौकात साळवे. "फोटू आले का?" म्हटलं, अजून नाहीत. पन्नाशीला खोटं बोलायला शिकलो.
मे महिन्यात त्यांची निवृत्ती. बातमी मीच देणार. 'नजरेची टेप असलेला माणूस' हे वाक्य केव्हाचं तयार आहे.
नवी घेतली तर का घेतली ते त्यांना कळेल. माझ्या डोळ्यांसाठी म्हणून सांगता येईल, पण ते ओळखतील. जुनी घेतली तर दर रविवारी बाभळीचेच फोटो.
त्यांनी माझं पाच वर्षं झाकलं. मला एक आठवडा जड जातोय.

रवि. १८
शेठचा निरोप : उद्या नक्की सांगा, दोन्हींना गिऱ्हाईक आहे.
साळवे आठला येतील. पिशवीत टेप टाकली. सौ. म्हणे, "भावजींना काय सांगणार, ही कशाला?" म्हटलं, शास्त्र म्हणून. "शास्त्र राहू द्या. दोघं मिळून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा."
टेप काढली. परत टाकली.
फाटकाशी मोटारसायकल थांबली. "शास्त्रीबुवाऽ, बगळा वाट बघतोय!" प्रिंटांचं पाकीट टेबलावरच आहे. पुस्तकाखाली सारावं, की त्यांच्यासमोर