कॉलरचं बटण

अगं,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मानेवरची पट्टी दाढी करताना कापलं म्हणून लावलेली नाही. तिथल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला दिलाय, त्याचा रिपोर्ट आज मिळणार आहे.

मी कॉलरचं बटण सरकवलं तेव्हा तू हसलीस. म्हणालीस, सुटत चाललात तुम्ही. पण त्याच आठवड्यात मी पँट कमरेत आत घेतली होती. मान वाढतेय आणि कंबर उतरतेय, असलं माप इतकी वर्षं शिवणकाम करून कधी पाहिलं नव्हतं. म्हणून गेलो डॉक्टरांकडे. लसिका ग्रंथींचा कॅन्सर असू शकतो म्हणाले. औषधांनी बरा होतो असंही काहीतरी म्हणाले, पण ते माझ्या कानात शिरलंच नाही.

आईला एवढ्यात काही बोलू नकोस.

तू येऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण मघाशी कोटाची बाही शिवायला बसलो, तर सुईत दोराच ओवता येईना. रिपोर्ट घ्यायला घरचं कुणीतरी आणा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी म्हटलं, कशाला.

दुकान राहू दे बंद. मोठ्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर बसलेला असेन. ये.