‘हो’ कोण म्हणणार?

प्रिय ताई,

डॉक्टरीणबाईंनी मला घरचा अभ्यास दिला होता आणि तो काही केल्या पुरा होत नव्हता. शेवटी कसा झाला, ते तुला लिहायला बसले आहे. आठवा महिना सरत आलाय. सुजलेले पाय कोमट पाण्याच्या बादलीत आहेत, मांडीवर उशी आणि उशीवर कागद. बाळंतपण कुठे करायचं, जवळ कोण हवं, कळा सोसवेनाशा झाल्या तर काय करायचं, हे हल्ली आधीच लिहून द्यायचं असतं. बर्थ प्लॅन म्हणतात त्याला.

बाई म्हणाल्या, "तुमची भाषणं ऐकलीत मी. इथे भाषण नको, एक पान पुरे."

ते एक पान कितीतरी दिवस टेबलावर पडून होतं. या विषयावरची पुस्तकं कपाटात उभी आहेत, सगळी वाचलेली, पेन्सिलीने खुणा केलेली. दवाखाना लिहिला, इथला नगरच्या सावेडीतलाच, रिक्षाने पटकन पोचता येईल असा. जवळ विनय, माझा नवरा, तेही लिहिलं. राहिली होती ती शेवटची ओळ. ‘आईला बोलता येत नसेल, तर तिच्या वतीने निर्णय कोण घेईल?’

आई म्हणजे मी, ताई. या हाकेला ओ द्यायची मला अजून सवय नाही. आपल्या घरात ती हाक फार लवकर थांबली. मग तूच माझ्या वेण्या घातल्यास, तूच माझे डबे भरलेस, आणि मी बोलायला लागले की कानांवर हात ठेवून म्हणायचीस, "अगं भोंगा, बंद हो जरा."

भोंगा थकलाय गं.

तुझं माहेरपण आठवतं? काका म्हणत होते, घरात बाईमाणूस नाही, पोरीला राहात्यालाच राहू द्या, सासू करेल बाळंतपण. अप्पा केवढे चिडले होते! "आई न्हाई म्हनून पोरीचं माहेर चुकवायचं व्हय?" आणि त्यांनी तुला कर्जतला आणलंच. बाभळीची नवी बाज करून घेतली. सुंभ स्वतः वळला, स्वतः विणला. काकूला डिंकाचे लाडू वळायला बसवलं आणि डिंक नीट तळला गेलाय का, ते बघायला चुलीपाशी घिरट्या घालत राहिले. तू बाजेवर आडवी होऊन बघितलंस आणि म्हणालीस, "अप्पा, मी मावले. आता पोटासाठी दुसरी करा."

पहिलं बाळंतपण माहेरीच, या रीतीवर मी व्यासपीठांवरून इतके कोरडे ओढलेत. पण आपलं घर त्या दिवसांइतकं आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मग कुणावर चिडायचं?

तुला कळा सुरू झाल्या त्या दिवशी मी नगरहून एसटीने निघाले होते. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. जे कळलं ते काकूकडून. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, आत्ता ऑपरेशन करावं लागेल, सही करा. अप्पांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. "जावईबापूंना येऊ द्या. पोरगी त्यांची हाय. उद्या म्हनतील, आमाला न इचारता पोट फाडलं." दाजी निघाले होते. पण राहाता जिल्ह्याच्या एका टोकाला आणि कर्जत दुसऱ्या. आतून तू म्हणालीस, "आना पेन हिकडं, मी करते सही." तर काकूच म्हणाली, "तू गप पड. मानसं हायती ना बाहेर."

होती ना माणसं. एक का होती! बाळंतपण माहेरचं आणि पोरगी सासरची. दोन्हीकडची रीत पाळली गेली, आणि पाळता पाळता तू गेलीस. बाळही गेलं.

तू गप्प का पडलीस गं? जन्मभर सगळ्यांचं ऐकलंस, ते ठीक. त्या एका दिवशी तरी माझ्यासारखं ओरडायचं होतंस. पेन हिसकावून घ्यायचं होतंस. कळा चालू असलेल्या बाईला हे विचारणं बरोबर नाही, मला कळतं. तरी दर वेळी विचारते.

तेव्हापासून मी बोलतेच आहे. महिला मेळावे, कॉलेजं, बचतगटांच्या सभा. ‘जिचं पोट, तिचा शब्द.’ टाळ्या पडतात. सभा संपली की एखादी बाई पदर सावरत जवळ येते. "लई भारी बोलल्या मॅडम. पन हे आमच्या सासऱ्यांना कोन सांगनार?" मी तिचा हात हातात घेते, चहा पिते, गाडीत बसते. पुढच्या गावात पुन्हा तुझं मरण उभं करायचं, पुन्हा तेच वाक्य, त्याच जागी थांबायचं. ताई, तुझ्या मरणाचं मला पाठांतर झालंय. याचा थकवा पायांच्या सुजेपेक्षा मोठा आहे.

आणि एवढं बोलून घरात काय? गेल्या आठवड्यात विनयला कागद दाखवला. तो साखर कारखान्यात केमिस्ट आहे, शांत, भला माणूस. चष्मा पुसत म्हणाला, "एवढा काय विचार करतेस? मी आहे ना सही करायला."

"सही मी करणार."

"बरं, तू कर. आणि शुद्धीवर नसलीस तर?"

"तर तू."

"आणि मी कारखान्यावर असलो तर? गाळप चालू आहे. मिलच्या आवाजात फोनही ऐकू येत नाही."

एवढ्या वर्षांत एकाही सभेत कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. ‘जिचं पोट, तिचा शब्द’ इथपर्यंत माझं भाषण पोचतं. शब्दच फुटेना, तेव्हा कुणाचा? त्याच्यापुढे मला काही येत नाही. विनयच्या आई-वडिलांचं नाव लिहावं, असंही वाटलं. फार चांगली माणसं आहेत. पण त्यांना विचारलं तर ती म्हणतील, विनयला येऊ दे. मला खात्री आहे. चांगली माणसंच वाट बघतात.

त्यात अप्पांचा फोन. "कधी येतीस? पहिलं बाळंतपन हाय, माहेरीच व्हायला पायजे."

"अप्पा, मी येणार नाही. इथे दवाखाना जवळ आहे."

मग म्हणाले, "तुला माझा भरोसा न्हाई, असं सांग ना सरळ."

बोलायचं मला काय कमी होतं? पण तुझं नाव त्या फोनमध्ये आमच्या दोघांच्या मधे बसलेलं होतं. त्यांनी फोन ठेवला.

मग दोन दिवस त्यांचा फोन नाही. काल सकाळी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. गॅलरीतून बघते तर अप्पा, आणि टेम्पोत उभी करून दोरीने बांधलेली बाज. तीच, तुझी. इतकी वर्षं ती माळ्यावर होती. उंदरांनी सुंभ खाल्लेला, तो सगळा काढून त्यांनी नव्याने विणून आणली होती. सोबत शेगडी, लाडवांचा डबा आणि गोवऱ्यांचं पोतं.

वॉचमन म्हणाला, "आजोबा, ही लिफ्टमध्ये मावणार नाही."

"मग जिन्यानं यील. ती काय आजारी हाय का?"

अप्पा आणि विनयने ती तिरकी करत, भिंतींचा रंग खरवडत वर आणली. दारातून आत जाईना तेव्हा अप्पांनी दोन पाय ठोकून काढले, आत नेऊन परत बसवले. मग घाम पुसत मला म्हणाले, "तू माहेराला येत न्हाईस. मग म्हनलं, माहेरच घिऊन जावं. पोटुशी पोरगी, तिनं कशाला हेलपाटा घालायचा?" आणि शेगडी कोपऱ्यात सरकवत, "शेगडी पेटवली तर ह्या बिल्डिंगीत वरडत्याल का?"

दुपारी विनय कारखान्यावर गेला. अप्पा बाजेवर बसले होते, सुंभ कुठे ढिला राहिलाय का ते हाताने चाचपत. मी कागद घेऊन समोर बसले.

"अप्पा, मला शुद्ध नसली आणि विनय इथे नसला, तर डॉक्टरीणबाई तुम्हाला विचारतील. तुमचं नाव लिहू?"

त्यांचा हात थांबला. "मला नगं इचारू, बाळा."

"का?"

"का ते तुला ठावं हाय."

ताई, या क्षणासाठी माझ्याकडे किती वाक्यं होती म्हणून सांगू! धारदार, तयार, टाळ्या घेतलेली. एकही वर आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "वाट बघितली की काय होतं, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

ते उठले. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. परत येऊन बाजेवर बसले आणि खाली बघत विचारलं, "सही मराठीत केली तर चालतीया का तितं?"

मी त्यांचं नाव लिहिलं. विनयच्या खाली, दुसरं. त्यांनी कागद हातात घेतला, ओठ हलवत सगळा वाचला आणि घडी न घालता परत दिला.

आज ते शेजारच्या खोलीत तुझ्या बाजेवर घोरतायत. उद्या हे पान देऊन येईन. पुढच्या सभेत तुझी गोष्ट सांगायची की नाही, माहीत नाही. सांगितलीच तर अप्पांच्या लाडवांपासून सुरू करेन.

आणि तुला एक शब्द देते. शुद्ध असेपर्यंत माझं ‘हो’ मीच म्हणेन. कुणी मला गप पड म्हणालं, तर अख्ख्या सावेडीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडेन. त्यात निम्मा आवाज तुझा असेल.

तुझा,
भोंगा