तांबड्या दाराच्या ट्रकची व्यवस्था

सर्वप्रथम क्षमा मागते. आईवडील हयात असताना घरातल्या मुलीने मृत्युपत्र लिहायला बसावे, हा आगाऊपणा आहे हे मला कळते. शिवाय देण्याजोगे माझ्याजवळ फारसे काही नाही. तरीही जे बोलायला हवे होते ते वेळेवर बोलता आले नाही, आणि लिहिणे मला त्या मानाने जमते, म्हणून हे धाडस करीत आहे.

मी, कुमारी पावनी राघवेंद्रराव पिसे, वय वर्षे सव्वीस, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यक, राहणार बोगादी, म्हैसूर, पूर्ण सावध चित्ताने, कोणी सुचवले वा धाक घातला म्हणून नव्हे तर स्वतःच्या इच्छेने, पुढील व्यवस्था लिहून ठेवीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेली नाही, असे मात्र या लेखात कोठेही म्हटलेले नाही याची नोंद घ्यावी. बरी होऊन घरी आले तर हे सर्व रद्द करण्याचा हक्क मी राखून ठेवते.

कलम पहिले : पुस्तके. माझी सर्व मराठी पुस्तके निपाणीच्या माझ्या शाळेला द्यावीत. आजोळी राहून मी दहावीपर्यंत तेथे शिकले आणि बोर्डात नाव आल्यावर ज्या सत्कारात मला दोन शब्द बोलायचे होते, त्यात मी एकही बोलले नाही. ते दोन शब्द राहिलेच आहेत. पुस्तकांबरोबर एक ओळीची चिठ्ठी जावी : 'आभारी आहे.'

कलम दुसरे : बँकेतील शिल्लक आणि कानातल्या कुड्या आईला. आई आमच्या ट्रकला 'लष्करातली सून' म्हणते. रविवारी जेवायला उशीर झाला की ती अप्पांना दारातूनच विचारायची, "सूनबाईंचं तेल-पाणी झालं असेल तर माणसांनी जेवायचं का?" आईने कुड्या ठेवून देऊ नयेत, घालाव्यात.

कलम तिसरे : समोरच्या घरातील वासुदेवराव यांच्याविषयी माझ्या मनात असलेला राग. ट्रकखाली सापांनी घर केले आहे, अशी तक्रार त्यांनी नगरपालिकेत केली. माणसे काठ्या घेऊन आली, तर खाली मांजरी व्यालेली. त्याचे मला काही वाटले नाही. पण चार लोकांत ते अप्पांना म्हणाले, "पिसे, ही तोफखान्याची गुजरी उचला, नाहीतर आम्हीच भंगारवाल्याला बोलावतो," आणि अप्पा हसले, तो राग माझ्याजवळ आहे. तो वारसाहक्काने कोणाला देऊ नये. माझ्याबरोबर संपू द्यावा. त्या पिल्लांपैकी एक त्यांच्याच घरी वाढले आहे, हे त्यांच्या बाजूने नमूद करते.

कलम चौथे : ट्रक.

लष्कराने मोडीत काढलेला हा एक टनी, पेट्रोलवर चालणारा, चारही चाकांना ओढ असलेला ट्रक अप्पांनी लिलावात जुन्या गाड्या घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतला. मी तेव्हा पदवीच्या पहिल्या वर्षाला होते. दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून तो बोगादीच्या आमच्या घराजवळच्या मोकळ्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, आला. परिवहन कार्यालयात बोलायला मुलगी शिकलेली आहे, या विश्वासाने अप्पांनी तो माझ्या नावावर नोंदवला. प्रत्यक्षात आम्ही दोघेही खिडकीसमोर गप्प उभे राहिलो, आणि शेवटी आतल्या बाईंनीच आमच्या हातातले कागद ओढून घेतले. तर कायद्याने हा ट्रक माझा आहे.

आम्ही पिढ्यान् पिढ्या रंगारी. आजोबा कापड रंगवीत, अप्पांनी नजरबादच्या दुकानात बोर्ड रंगवले. त्यामुळे यंत्राचे आम्हांला दोघांनाही काही कळत नव्हते. इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे, अप्पा हात काळे करायचे. गॅस्केटला मी एकदा 'सांधपट्टी' म्हटले. अप्पा गाडीखालून म्हणाले, "अय्यो, गॅस्केट म्हण की गं! दुकानात सांधपट्टी मागितली तर ते मला दवाखान्यात पाठवतील." आमच्या दोघांमध्ये एवढे मोठे संभाषण घरात कधी झाले नव्हते. पुढची काही वर्षे आम्ही रविवारी साइटवरच बोललो.

माझा धाकटा भाऊ साकेत बंगळूरला मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे. त्याचे म्हणणे पहिल्यापासून एकच : "अप्पा, डिझेल इंजिन बसवू. हा पेट्रोल पितो की आंघोळ करतो?" अप्पा म्हणत, "इंजिन बदललास तर तो ट्रक नव्हे रे, ट्रकचा वेष." ब्रेक मात्र त्यांनी नवे बसवू दिले. पुढे एक दिवस ट्रकचे जड चाक वळवताना माझी शुद्ध हरपली आणि डॉक्टरांनी जड काही ओढायला मनाई केली, त्यानंतर त्यांनी स्वतः साकेतला फोन केला. "ते काय ते, चाक हलकं करायचं यंत्र, घेऊन ये. अक्काला चालवायचंय." मूळ वस्तूला हात न लावण्याचा हट्ट अप्पांनी माझ्यासाठी सोडला. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते येथे मानते.

आता डाव्या दाराविषयी.

आमच्या घरचा नियम असा की जुना रंग पुरता उतरल्याशिवाय नवा चढवायचा नाही. आजोबा म्हणत, खाली जुना राहिला की वरचा रंग खोटे बोलतो. कापडाचा हा नियम अप्पांनी लोखंडाला लावला. उजवीकडून सुरुवात करून सबंध ट्रक खरवडून, तांबडा प्राइमर देऊन, वर हिरवा रंग दिला. डावे दार शेवटी राहिले. त्याच्या आतल्या बाजूने हिरव्याचे थर निघू लागले आणि काच खालीवर करायच्या दांड्याखाली पांढरी अक्षरे दिसली. मी मोठ्याने वाचली : 'ही जागा बाबू साळुंखेची आहे. विचारून बसणे.'

आम्ही दोघेही हसलो. अप्पा म्हणाले, "हात बघ कसा आहे. ब्रश नाही हं, काडीनं लिहिलंय." मग त्यांनी पॉलिश कागद घेतला आणि ती अक्षरे घासून काढली. त्यात आपली काही चूक त्यांना वाटली नाही, मलाही नाही. दुसऱ्या कोणत्याही घरात कोणीतरी म्हणाले असते की राहू द्या. रंगाऱ्याच्या घरात जुन्या छापासाठी कोणी थांबत नाही.

त्यानंतर दोन-तीन रविवारांनी दत्तोजीराव आले. लष्करात ते अशाच ट्रकचे चालक होते. निवृत्त होऊन मुलाकडे, कृष्णराजनगरला राहतात. कोणाच्या तरी फोनवर आमच्या ट्रकचे छायाचित्र पाहून बसने आले होते. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा ते चालकाच्या जागेवर बसून चाक फिरवीत होते.

"ह्ये चाक म्या झोपेत वळीकलं आसतं," ते म्हणाले, "पर तुमी तर त्याचं लोणी केलंय. गाडीचा फौजेतला नंबर ध्येनात हाय, पर तुमच्या कागदात फकस्त इंजिन-चासीचा."

अप्पांनी विचारले, "कुठली गाडी शोधताय?"

"आमची. म्या चालवायचा, बाबू साळुंखे शेजारी बसायचा. डोंगरात थंडी म्हंजे काय, आन् त्या बाजूला इंजिनाची ऊब. समदी तिथंच बसाया बगायची. तवा बाबूनं दारावर पाटी लिवली. पुढं येकदा दरड पडली, तर ह्यो खाली उतरून मला गाडी म्हागं घ्याया वाट दावत हुता. म्या म्हागं वळून बगितलं तर वाटबी न्हाई, बाबूबी न्हाई." त्यांनी डाव्या दाराकडे बोट केले. "दाराच्या आत काय लिवलेलं हुतं का हो, रंग काडताना?"

अप्पांच्या हातात पेला होता. ते म्हणाले, "काय नव्हतं हो. सुम्ने, नुसता हिरवा रंग."

दत्तोजीरावांनी डाव्या दाराच्या तांबड्या प्राइमरवरून तळवा फिरवला. "मग ही न्हवं," ते म्हणाले. माझ्याकडे वळून, "पोरी, कॉफी झ्याक हुती." आणि गेले.

त्या दिवसापासून अप्पा साइटवर गेलेले नाहीत. विचारले तर, "पाठ दुखते." आईला वाटते हौस फिटली. साकेतला वाटते डिझेलला होकार मिळणार. ट्रक आजही तसाच आहे : सगळा हिरवा आणि एक दार तांबडे. दर रविवारी मी एकटी जाऊन तो सुरू करते, थोडा वेळ चालू ठेवते आणि बंद करते. मी उजवीकडे बसते.

मी अप्पांना दोष देत नाही. मेलेल्या माणसाचे अक्षर आपल्या हाताने पुसले, हे त्याच्या मित्राच्या तोंडावर सांगणे मलाही जमले नसते, आणि माझ्या आयुष्यात मला काय काय सांगणे जमलेले नाही हे अप्पांइतके कोणालाच ठाऊक नाही. मला वाईट याचे वाटते की एक म्हातारा माणूस आपल्या गाडीत बसून, ती आपली नव्हे असे समजून, बसने परत गेला. तो अजून तसेच समजतो आहे.

यास्तव ट्रकची व्यवस्था अशी :

(अ) ट्रक माझे वडील राघवेंद्रराव पिसे यांना मिळावा, परंतु एका अटीवर. त्यांनी स्वतः कृष्णराजनगरला जाऊन दत्तोजीरावांना सांगावे की अक्षरे होती, ती आम्ही घासली, आणि त्यांनी चालवला तो ट्रक हाच आहे. साकेतला पाठवू नये. फोन करू नये.

(आ) त्यानंतर अप्पांनी दार हिरवे करावे आणि दत्तोजीरावांसमोर ती ओळ पुन्हा लिहावी. ब्रशने नव्हे, काडीने. मला ती पाहिल्याप्रमाणे आठवते : काचेच्या दांड्याखाली वीतभर जागा सोडून सुरुवात, ओळ शेवटाकडे खाली घसरत गेलेली, 'बाबू' बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठे, आणि 'बसणे'च्या पुढे रंगाचा एक ओघळ. ओघळ काढू नये. मात्र हे नवे अक्षर जुने म्हणून कोणाला दाखवू नये. पुसले ते पुसले.

(इ) डाव्या बाजूच्या आसनाचा हक्क दत्तोजीरावांना त्यांच्या हयातीपर्यंत राहील. यावर माझे वकील श्री. कृष्णमूर्ती कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, ट्रक देता येतो. ट्रकातली एक सीट कशी देणार? उद्या कोणी स्टेपनी मागेल." मी म्हटले, तरी लिहिणार. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लिहू दिले.

(ई) ही अट अप्पांनी पाळली नाही, तर ट्रक माझा भाऊ साकेत यास मिळेल, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याच्या संपूर्ण अधिकारासह. अप्पा, मला क्षमा करा. तुम्हांला हलवील असे याहून मोठे शस्त्र माझ्यापाशी नाही.

कलम पाचवे : पान्यांचा संच, ग्रीसगन आणि माझी फाटकी हातमोज्यांची जोडी साकेतला. पाने इंची आहेत. मिलिमीटरचे पाने वापरून त्याने बोल्टांची डोकी झिजवली, त्याबद्दल मी त्याला बोलले नाही. येथे बोलते : साकेत, पुन्हा करू नकोस.

कलम सहावे : माझी मैत्रीण विद्याश्री हिला शाईचे पेन द्यायचे होते, पण साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकिलांनी सांगितल्यामुळे ते काल हातोहात दिले. तिने याच पेनाने सही करावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. कृष्णमूर्ती यांनी करावी. हे पाकिटात बंद करून ठेवायचे आणि मी नसताना उघडायचे, असा रिवाज त्यांनी मला समजावून सांगितला. रिवाज योग्य आहे. परंतु दत्तोजीरावांचे वय झाले आहे, आणि माझ्या मरणाची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्याकडे असेलच असे नाही. मूळ प्रत वकिलांकडे राहील. तिचे छायाचित्र मी अप्पांना पाठवीत आहे. ते आता पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत आहेत. उठून तेथवर जाणे आणि तोंडाने सांगणे मला आजही जमत नाही.

अप्पा, बॅटरी भारलेली आहे. टाकीत जाऊन-येऊन पुरेल इतके पेट्रोल आहे. आपल्या ट्रकला किल्ली नाही, खटका दाबला की तो सुरू होतो, हे तुम्ही विसरला नसाल. परत येताना दत्तोजीरावांना बरोबर आणा, मला गुरुवारपूर्वी त्यांना भेटायचे आहे. मी त्यांना विचारून डावीकडे बसेन.

सही : पावनी राघवेंद्रराव पिसे

आम्हां दोघांच्या समक्ष सही केली, म्हणून आम्हीही करतो :
१. विद्याश्री महिंद्रकर, ग्रंथालय साहाय्यक, म्हैसूर
२. प्राणेश राव, वकिलांच्या कार्यालयातील लेखनिक, नजरबाद, म्हैसूर

स्थळ : बोगादी, म्हैसूर

अप्पांच्या फोनवर पाठवले : मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.