बेसण्याचा पांढरा शर्ट

आई,

तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी पत्र आत्ता लिहितोय, म्हणजे उशीर करायचा माझा गुण काही गेलेला नाही. कपाटात तो पांढरा शर्ट अजून आहे. तूच घेऊन दिला होतास, बेसण्याला जायला लागतो म्हणून. आपल्या बडोद्यात कुणी गेलं की पाच ते सात बेसणं. पांढरे कपडे घालायचे, हार घातलेल्या फोटोला हात जोडायचे, दहा मिनिटं खुर्चीवर गप्प बसायचं आणि निघायचं. बेसण्याला चाललोय म्हटलं की घरात कुणी जास्त विचारत नाही, आणि येताना डोळे लाल असले तरी खपून जातं. माझ्यासारख्याला आणखी काय हवं? दारूबंदीच्या राज्यात राहून मी बेवडा झालो तो या शर्टाच्या जोरावर.

एकदा तू स्वयंपाकघरात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होतीस. मी बटणं लावतोय आणि तू मान वर न करता म्हणतेस, "बडोद्यात रोज एवढी माणसं मरतात, मग खंडेराव मार्केटात गर्दी कोण करतं रे?" मी हसलो. तू हसली नाहीस. तरी परत आलो तेव्हा न्हाणीघरात ऊन पाणी काढून ठेवलेलं होतं, मयताच्या घरून आलेल्याला ठेवतात तसं. मेलेलं कुणी नाही हे ठाऊक असून तू पाणी तापवत होतीस आणि मी ते मुकाट्याने अंगावर घेत होतो. त्याऐवजी चार शिव्या दिल्या असत्यास तर मी सुधारलो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही. शिव्या खाऊनही मी प्यायलोच असतो.

तुझ्यामागे तुझ्या सुनेनं पाणी काढायची रीत चालू ठेवली, बोलणं मात्र कमी केलं. वाघोडियाच्या कारखान्यात साहेबांनी एकदा बोलावून सांगितलं की पुन्हा वास आला तर गेटवरूनच परत पाठवीन. मग मी वास लपवायला तोंडातले वेलदोडे वाढवले. बसमध्ये शेजारी बसणारा एक गुजराती फिटर, वर्षभरात चार शब्द बोलला नसेल, एका सकाळी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "इलायची हुं पण खातो'तो." मी तोंडातला वेलदोडा गालाआड सरकवला. त्यानं तिकिटाच्या पाठीवर पत्ता लिहून दिला. "गुरुवारे सांजे छ वागे आवी जजे." गुरुवारी संध्याकाळी सहाला ये, एवढंच. जिथे कुणी पीतच नाही असं सगळे धरून चालतात, तिथे सोडायची कशी हे मी विचारणार तरी कुणाला होतो? तो आपणहून बोलला म्हणून निभावलं.

त्या गुरुवारी घरी काय सांगायचं ते सुचेना, म्हणून सवयीनं तेच सांगितलं. बेसणं आहे. शर्ट चढवला आणि गेलो. एका दवाखान्यामागची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खाली बघत बसलेली दहाबारा माणसं. आई, माझे हात आपोआप जोडले गेले. चपला दाराशी काढल्या, आत शिरलो आणि हात जोडून फोटो शोधू लागलो. दाराशी चहाची किटली घेऊन एक काका उभे होते. त्यांनी माझ्या शर्टाकडे बघितलं, मग तोंडाकडे. "फोटो नथी, भाई. अहीं बधा जीवता छे. बेसो." इथे सगळे जिवंत, हे ऐकून कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी खोली हसली, आणि मीही हसलो. इतक्या वर्षांत न पिता मी असा हसलो नव्हतो. मग एकेक जण बोलला. एक म्हणाला, मी खरेदीच्या नावानं डभोईला प्यायला जायचो. मला वाटायचं, असली अक्कल फक्त मलाच आहे.

घरी आलो तर न्हाणीघरात गिझरचा दिवा लागलेला. तुझी सून तुझ्यासारखीच मान वर न करता म्हणाली, "कुणाचं होतं?" म्हटलं, "कुणाचंच नव्हतं. आजवरची बहुतेक खोटीच होती. आज दारू सोडणाऱ्यांच्यात जाऊन बसलो." तिनं लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग हात पुसत म्हणाली, "गिझर बंद करते मग." पुढच्या गुरुवारी तिनं निळा चौकड्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. आज अकरावा गुरुवार. उद्याचं मला सांगता येत नाही, पण आज सकाळी चहाचा कप हातात हलला नाही. फार बरं वाटतंय गं, मोकळं वाटतंय.

हे पत्र पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? त्या खोलीत सांगितलं, सुनेला सांगितलं, तुझ्यापुरतं तेवढं राहिलंय. तुझ्या बेसण्यालाही मी पिऊनच बसलो होतो. माझे डोळे बघून येणारेजाणारे मावशीला म्हणत होते, मुलानं फार मनाला लावून घेतलंय, आणि मी मान हलवत होतो. मला तेव्हा रडू आलंच नव्हतं, आई. ते आलं त्या पहिल्या गुरुवारी, सगळे हसून झाल्यावर.