करड्या कोटाचं अस्तर

३ फेब्रुवारी
तिकिटं आली! पुतणीने थेट हातात आणून ठेवली. चार दिवस, मी आणि जाऊबाई, आग्नेय आशियातलं ते नदीकाठचं गजबजलेलं शहर. तीस वर्षं एकाच दुकानात शेजारी बसून शिवतोय, पण दोघींनी मिळून गावाबाहेर पाऊल टाकलं नाही कधी. जाऊबाई म्हणाल्या, जाऊ की. आणि लगेच सुईत दोरा ओवायला लागल्या.

६ फेब्रुवारी
यादी वाढतेय — सोनेरी कळसांची देवळं, होड्यांवरचा बाजार, कापडाची पाचमजली पेठ. पेठेला मी दीड दिवस राखलाय! जाऊबाईंची एकच शंका: हवेत असताना विमान बंद पडलं तर? मी म्हटलं, आपल्या मशीनसारखं तेल घालत असतील हो. हसल्या नाहीत.

९ फेब्रुवारी
प्रवासाच्या जाकिटांना आतून चोरखिसे — पासपोर्टसाठी. आपापला आपण शिवला. माझा वाकडा. जाऊबाईंनी मधेच बँकेतल्या साहेबांचा कोटही हातावेगळा केला.

१३ फेब्रुवारी
जाऊबाईंचा पासपोर्ट नाही! चोरखिसा रिकामा. कपाटं, चिंध्यांची पोती, बॉबिनचा डबा — सगळं पालथं घातलं. परवा विमान! त्या मात्र शांत. म्हणाल्या, तू जाऊन ये, मला फोटो दाखव. मला रडूच आलं. त्यांच्याशिवाय कसली पेठ नि कसली होडी.

१४ फेब्रुवारी
सापडला!! बँकेतले साहेब कोट घेऊन दुकानात हजर. कोट झकास बसलाय, पण भर मीटिंगमध्ये बरगडीला काहीतरी टोचत होतं म्हणे. अस्तर उसवलं — आत पासपोर्ट! कोट करडा, जाकीटही करडं, घाईत घोटाळा झाला. साहेब पोट धरून हसले. मी त्यांना चहा पाजला, अस्तर पुन्हा शिवून दिलं. तीस वर्षांत जाऊबाईंची ही पहिली चूक. टाके मात्र बघत राहावेत असे — बारीक, दुहेरी, एकसारखे. घाईतसुद्धा!
जाऊबाई स्टुलावर मटकन बसल्या. आनंदानेच असणार.

१५ फेब्रुवारी, विमानात
चाकं जमिनीवरून उचलली तशी जाऊबाईंनी डोळे मिटून माझं मनगट आवळलं. कानाशी म्हणाल्या, "अगं, ती चूक नव्हती. मुद्दाम शिवला होता मी."
मला ते बारीक, दुहेरी टाके आठवले.
मग त्यांनी एक डोळा उघडला. माझ्यावरून वाकून बाहेर बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या.
"सरक," म्हणाल्या. "खिडकी मला दे."