काळाचौकीचा सर्व्हे, दुसऱ्यांदा

४ ऑगस्ट, सोमवार
शिवाजी पार्कच्या ऑफिसातून प्रिती मॅडमचा फोन. आमच्या व्यसनमुक्ती केंद्राचा सर्व्हे घ्यायचाय. इथे येणाऱ्यांनीच भरायचा, नाव न लिहिता. त्यावरून मी चालवतो त्या काळाचौकीच्या गटात काय सुधारायचं ते ठरेल. मला काही टेन्शन नाही. बीपीची गोळी तेवढी दुपारीच घेऊन टाकली.

६ ऑगस्ट, बुधवार
फॉर्म वाटले. सगळ्यांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून मी मधोमध खुर्ची टाकून बसलो. गटातला कोंडीराम गणपती मंडळाचा फलक लिहितो, अक्षर सुरेख. सगळ्यांनी आपापले फॉर्म त्याच्याकडे सरकवले. धोंडू त्याला म्हणाला, सरांचं चांगलंच लिही रे. सगळीकडे ‘उत्कृष्ट’, सगळं एकाच अक्षरात. गटात केवढी एकी आहे! रिपोर्टमध्ये मुद्दा घालणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार
मॅडमना एकी दिसली नाही. पुन्हा घ्या म्हणाल्या. ज्याचा फॉर्म त्यानेच भरायचा, बंद खोक्यात टाकायचा आणि मी खोलीबाहेर थांबायचं. मी हसून ‘शुअर’ म्हटलं.

११ ऑगस्ट, सोमवार
जिन्यात उभा होतो. आतून हसण्याचा आवाज येत होता. मी असताना इतकं हसत नाहीत. असो, हसणं आरोग्याला चांगलं.

आजपासून फोन सायलेंटवर. मागच्या वर्षी गटातला बुधाजी पुन्हा प्यायला लागला आणि गेला. तेव्हापासून रिंग वाजली की मी दचकतो. रिंगटोनच कर्कश असणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार
खोकं उघडलं. चहा चांगला, जागा चांगली, सर चांगले. फक्त एका प्रश्नात घोळ. ‘पुन्हा प्यायलात तर इथे सांगता येईल का?’ जवळजवळ सगळ्यांचं ‘नाही’. एकाने पुढे लिहिलंय, ‘सर घाबरतात.’

प्रश्नाची भाषा अवघड झाली असावी.

१३ ऑगस्ट, बुधवार
संकल्प: घाबरायचं नाही. म्हणजे घाबरत नाहीच, पण तसं दिसायलाही नको. गटात जाहीर सांगितलं, काय वाटेल ते सांगा, मी खंबीर आहे. फॅनच्या वाऱ्याने आवाज जरा चिरकला. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. गौतमने उठून फॅन बंद केला.

१८ ऑगस्ट, सोमवार
गट सुटल्यावर कोंडीराम मागे राहिला. चप्पल घालायची, काढायची, असं चाललं होतं. शेवटी म्हणाला, “सर, शनिवारी गणपतीच्या आगमनात घेतली मी. ऱ्हावलंच नाय. आता रोज पाय तिकडेच वळतायत.”

मी शांत राहिलो. खुर्चीचा दांडा धरला होता, तो वेगळ्या कारणाने. विचारलं, थोडीच ना? मग समजावलं की शुक्रवारी रिपोर्ट जातोय, तोवर गटात नको बोलूस, इतरांची उमेद खचेल. त्याने माठातलं पाणी आणून मलाच दिलं आणि म्हणाला, बसा सर, टेन्शन घेऊ नका.

चांगली झाली भेट. त्याला मोकळं वाटलं असेल.

२० ऑगस्ट, बुधवार
कोंडीराम आला नाही. गणपती जवळ आलेत. मंडळाची कामं असणार.

२१ ऑगस्ट, गुरुवार, दुपार
स्क्रीनवर कोंडीरामच्या बायकोचं, मालनचं नाव. फोन पालथा ठेवला. पुन्हा आला. पुन्हा आला. उचलला. कोंडीराम कालपासून घरी नाही. यापुढे एक घोट घेतला तरी लिव्हर साथ देणार नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं, ते तिने मला पुन्हा सांगितलं. मग म्हणाली, “सरांशी बोलून येतो, असं सांगून निघाले होते ओ.”

मी बघतो म्हटलं. पायात बूट चढेनात.

संध्याकाळ
मंडळाच्या मंडपामागे, प्लायवूड रचून ठेवलंय तिथे सापडला. मी पहिला नव्हतो. अख्खा गट तिथे होता. डोकं धोंडूच्या मांडीवर, गौतम पाय चोळतोय, आणि कोंडीराम रडत रडत बोलत होता. कधीपासून, किती, कुणाबरोबर, सगळं सांगत होता. मध्ये कुणी त्याला अडवत नव्हतं. माझ्याशी इतका वेळ कुणी कधी बोललेलं नाही.

मला पाहिलं आणि सगळे गप्प झाले. कोंडीरामने शर्टाने तोंड पुसलं, उठून बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

धोंडू म्हणाला, “काय नाय सर, ताप आलाय त्याला. टॅक्सी बोलावलीय, हॉस्पिटलात आम्ही नेतो. तुम्ही घरी जा.”

किती आहे ताप, असं मी विचारलं. मग घरी आलो.