सरासरी वय नऊ

५ मे १९५८, सोमवार
परीक्षेपर्यंत रजा. परीक्षा २१ला. पास झाले तर गिरणीच्या प्रयोगशाळेत सूत तपासायचं संपलं, तपासणाऱ्यांवर देखरेख. नाहीतर पुढची संधी दोन वर्षांनी. घरात शांतता हवी. अडथळे तीन, सगळे दादाचे: बकुळा १३, रघुवीर ९, माधव ५. वहिनीला नववा महिना, ती झोपून. तेव्हा मुलं दिवसभराच्या उन्हाळी शिबिरात. निवड शास्त्रीय पद्धतीने. दोन दिवस पुरेत.

९ मे
सात शिबिरं पाहिली. तक्ता तयार: सावली, पाणी, शिक्षकांचा आवाज. निकाल स्पष्ट. बकुळा गिरगावात शिवण, रघुवीर दादरला पोहणं, माधव शीवला बालवर्ग. अभ्यास शून्य पानं. तक्ता उत्तम.

१० मे, सकाळी ८
मुलांनी गॅलरीत मोर्चा काढला. "तिघांचं एकच शिबिर झालंच पाहिजे!" झेंडा म्हणून लाटण्याला माझा तक्ता. शेजारच्या सुंदराबाई नळावरून ओरडल्या, "गो बाय, पोरांका कित्याक वेगळी करतंस? तू काय दिल्लीचा सरकार?" सगळी चाळ हसली. मी दबावाखाली निर्णय बदलत नाही. मात्र हिशेब केला: लालबागहून तिघांना पोचवायला-आणायला रोज साडेचार तास. म्हणून एकच शिबिर. कारण तांत्रिक.

१२ मे
परळची व्यायामशाळा. अट: वय आठ ते चौदा. तिथल्या नानांना दाखवून दिलं की आमच्या मुलांचं सरासरी वय बरोबर नऊ. नाना म्हणाले, "बाई, आम्ही सरासरी पोर घेत नाही. अख्खं घेतो." शेवटी ठरलं, माधवजवळ घरचं माणूस बसेल तर चालेल. मी बसेन. झाडाखाली अभ्यास घरापेक्षा चांगला होईल.

१४ मे
माधवला घेतलं हे कळल्यावर इतरांनीही धाकटी भावंडं आणून सोडली. माझ्याजवळ अकरा. पुस्तक दोनदा उघडलं. उद्यापासून कडक शिस्त.

१७ मे
नाना म्हणतात, "तुमचा वर्ग झकास चाललाय हां." माझा वर्ग नाही, हे लेखी कळवणार होते. वहीची पानं शिल्लक नाहीत. होड्या झाल्या. लगोरीत मुलांचा नेम चुकतो, कारण ती मनगट वळवतात. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

२१ मे, बुधवार
परीक्षा अकराला. साडेनऊला मैदानातून निघाले. फाटकाशी माधवने गाठलं. "आत्या, मोठी पोरं लगोरीत रडीचा डाव खेळतायत!" फक्त नियम समजावून द्यायला परत गेले.
परीक्षेच्या दाराशी पोचले पावणेबाराला. अर्ध्या तासानंतर प्रवेश नाही. नियम योग्यच आहे. पुढच्या परीक्षेला दोन वर्षं, म्हणजे तयारीला वेळ मुबलक.
लगोरी आम्ही जिंकलो. सात-चार.